रेड वाईनची द्राक्षे : नाशिकचा अनुभव आणि वऱ्हाडातील बरड जमीन

मोर्शी, वरूड, अचलपूर, अकोट या भागांत फिरताना एक प्रश्न अधूनमधून कानी येतो. डिंक्याने किंवा पाण्याअभावी संत्र्याची जुनी बाग गेली. जागा मोकळी आहे, ठिबकचा संच आहे, विहिरीला थोडेफार पाणीही आहे. मग तेथे नाशिककडच्यासारखी वाईनची द्राक्षे लावली तर कसे? विचारणारा शेतकरी हौशी नसतो. बाग गेल्याने त्याची दहा-पंधरा वर्षांची मेहनत गेलेली असते आणि पुन्हा चुकायला त्याच्याजवळ पैसा उरलेला नसतो. म्हणून या प्रश्नाला "लावा" किंवा "लावू नका" असे एका शब्दात उत्तर देणे बरे नव्हे. वाईन, विशेषतः रेड वाईन, कशी तयार होते आणि तिला कसले द्राक्ष लागते हे समजले, तर ज्याचे त्याला आपल्या वावरापुरते उत्तर काढता येईल.

एक खुलासा आधीच केलेला बरा. गाडगे महाराज आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराज यांनी व्यसनाविरुद्ध ज्या भागात जन्मभर सांगितले, त्या भागात हा लेख वाचला जाणार आहे. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात तर दारूबंदीच आहे. वाईनमध्ये साधारण १२ ते १४ टक्के मद्यार्क असतो. ती फळांच्या रसाची असली तरी मद्यच आहे. येथे तिचा विचार पिण्याच्या दृष्टीने केलेला नाही, एका फळपिकाची बाजारपेठ म्हणून केला आहे.

रंग रसात नसतो, सालीत असतो

काळ्या द्राक्षाचा मणी बोटांत दाबून पाहा. येणारा रस जवळजवळ पांढरा असतो. थोड्या जाती सोडल्या तर सर्व काळ्या द्राक्षांचे असेच आहे. रंग असतो तो सालीत. तोंडाला किंचित ओढ लावणारा तुरटपणा, म्हणजे टॅनिन, तोही साल आणि बी यांतच असतो. पांढरी वाईन करताना द्राक्षे दाबून रस लगेच वेगळा काढतात व मग तो आंबवतात. रेड वाईन करताना मात्र देठ यंत्राने काढून टाकतात आणि रस, साल, बी सगळे एकत्रच आंबवतात. द्राक्षातील साखरेचे यीस्टच्या क्रियेने मद्यार्कात रूपांतर होते, कर्बवायू बाहेर पडतो आणि त्याबरोबर साली वर येऊन त्यांचा जाड थर बनतो. हा थर दिवसातून दोन-तीन वेळा खाली दाबावा लागतो किंवा खालचा रस पंपाने त्यावर सोडावा लागतो. तसे केले नाही तर रंग उतरत नाही आणि वरचा थर बिघडून आंबूस होतो. ही क्रिया पोलादी टाक्यांमध्ये, २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान राखून, आठवडा ते दोन आठवडे चालते. त्यानंतर वाईन काढून घेतात व चोथा दाबतात. पुढे जिवाणूंकडून आणखी एक क्रिया होते. द्राक्षातील तीव्र मॅलिक आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्ल, म्हणजे दह्यात असते ते आम्ल, बनते. चांगल्या प्रतीची वाईन नंतर ओक लाकडाच्या पिंपांत वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ मुरवतात. पिंप साधारणपणे २२५ लिटरचे असते.

एक टन द्राक्षांपासून सुमारे ६५० लिटर वाईन मिळते. एकरी ४ टन द्राक्षे धरली तर ७५० मिलिलिटरच्या साडेतीन हजारांच्या आसपास बाटल्या होतात. बाटलीची किंमत पाहून काही मंडळी येथेच गुणाकार करून मोकळी होतात. परंतु त्या किमतीत कारखान्याचे भांडवल, साठवणीची वर्षे, कर आणि विक्रीचा खर्च असतो. शेतकऱ्याच्या हाती येतो तो द्राक्षाचा भाव. घरी वाईन करून विकण्याचा विचारही कोणी करू नये. द्राक्षे पिकवायला परवाना लागत नाही, पण वाईन करायला लागतो. तो राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून घ्यावा लागतो. विनापरवाना मद्य तयार करणे हा १९४९ च्या मद्यनिषेध कायद्याखाली गुन्हा आहे.

लहान मणी, कमी पीक

वाईनची द्राक्षे म्हणजे खाण्याच्या द्राक्षांतील दुय्यम प्रत, असा एक समज आढळतो. तो पूर्णतः चुकीचा आहे. थॉमसन सीडलेस, तास-ए-गणेश, सोनाका, शरद सीडलेस या खाण्याच्या जातींत आपणांस मोठा, लांब, पातळ सालीचा, बिनबियांचा मणी हवा असतो. त्यासाठी जिब्रेलिक आम्लात घड बुडवतात, मणी विरळतात, खत व पाणी भरपूर देतात. रेड वाईनला नेमके याच्या उलट हवे असते : लहान मणी, जाड साल, आत बी. कारण सोपे आहे. मण्याचा व्यास निम्मा झाला की गराच्या मानाने सालीचे प्रमाण दुप्पट होते. रंग, टॅनिन आणि वास सालीत असल्यामुळे लहान मण्याची वाईन गडद होते, तर फुगवलेल्या मण्याची फिकी. म्हणून वाईनच्या बागेत जिब्रेलिक आम्लाचा फुगवणीसाठी वापर करीत नाहीत. मण्यांत पाणी उतरू लागले की ठिबकचे पाणी हळूहळू कमी करतात.

साखरेचेही तसेच आहे. खाण्याची द्राक्षे १८ ब्रिक्सच्या आसपास गोडी आली की काढता येतात. रेड वाईनला २२ ते २४ ब्रिक्स लागते. ब्रिक्सला साधारण ०.५५ ने गुणले की होणाऱ्या मद्यार्काची टक्केवारी मिळते, म्हणजे २४ ब्रिक्सच्या रसापासून १३ टक्क्यांच्या आसपास. वेलीवर घडांची गर्दी असेल तर ही गोडी येतच नाही. पाने तेवढीच आणि खाणारी तोंडे जास्त, अशी गत होते. त्यामुळे जास्तीचे घड काढून टाकावे लागतात. खाण्याच्या द्राक्षाचे एकरी १० ते १२ टन पीक घेणाऱ्या बागाइतदाराला वाईनच्या बागेत साधारण त्याच्या निम्म्यावर, रेड जातींत त्याहूनही कमी पिकावर थांबावे लागते. जादा माल आणला तर कारखाना तो घेत नाही किंवा भाव कापतो. थोडक्यात, येथे शेतकऱ्याला कमी पिकवण्याचे दाम मिळतात. हे दाम देणारा पक्का नसेल तर कमी पिकवणे म्हणजे निव्वळ नुकसान. पुढे जे सांगायचे आहे ते सगळे याच एका गोष्टीभोवती फिरते.

समुद्राच्या उतारावरची द्राक्षे

नाशिकमध्ये लावलेल्या रेड जातींपैकी झिनफँडेल ही एक. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये ती दीडशेहून अधिक वर्षे पिकते आणि तिला तेथलीच जात समजत असत. तिचे माहेर मात्र युरोपातील क्रोएशिया या देशाच्या समुद्रकिनाऱ्यावर निघाले. कॅलिफोर्निया विद्यापीठातील कॅरोल मेरेडिथ आणि झाग्रेब विद्यापीठातील इव्हान पेयिच व एडी मालेतिच या शास्त्रज्ञांनी जनुकीय तपासणी करून २००१ साली असे सिद्ध केले, की स्प्लिट शहराजवळच्या कास्तेला भागात शिल्लक उरलेल्या थोड्या जुन्या वेली आणि झिनफँडेल एकच आहेत. त्या किनाऱ्यावर आज सर्वांत महत्त्वाची असलेली रेड जात आहे प्लावात्स माली. नावाचा अर्थ "छोटे निळे". ती झिनफँडेलचीच संतती आहे.

प्लावात्स मालीची सर्वांत नावाजलेली वाईन पेल्येशात्स नावाच्या लांबट द्वीपकल्पावर, दिंगाच या उतारावर होते. हा उतार दक्षिणेकडे तोंड करून थेट समुद्रात उतरतो. काही ठिकाणी चढ इतका उभा की ट्रॅक्टर तर सोडाच, माणसालाही जपून उभे राहावे लागते. माती थोडी, चुनखडीचा पांढरा दगड जास्त. तेथले लोक म्हणतात की या वेलींना तीन सूर्य मिळतात : एक आकाशातला, दुसरा समुद्रावरून परावर्तित होणारा आणि तिसरा पांढऱ्या दगडावरून. एकाच घडात काही मणी हिरवट, काही पिकलेले आणि काही चक्क मनुक्यासारखे सुकलेले, अशी या जातीची खोड आहे. सुकलेल्या मण्यांमुळे साखर वाढते आणि वाईन कडक होते. पीक मात्र थोडे येते.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे असे की त्या गावकऱ्यांनी ही खडकाळ जमीन सुधारून पीक वाढवण्याच्या नादी न लागता तिचे नाव जपले. १९६१ साली दिंगाचला कायद्याचे संरक्षण मिळाले. क्रोएशियातील असे संरक्षण मिळालेली ती पहिली वाईन. त्या उताराबाहेर पिकलेल्या द्राक्षांच्या वाईनला ते नाव लावता येत नाही. बागा डोंगराच्या समुद्राकडील अंगाला आणि पोटोम्ये हे गाव डोंगराच्या पलीकडे, त्यामुळे पूर्वी द्राक्षे गाढवांच्या पाठीवर डोंगर ओलांडून न्यावी लागत. १९७० च्या दशकात तेथील लोकांनी डोंगरातून सुमारे ४०० मीटर लांबीचा बोगदा खोदून घेतला. आजही काही बाटल्यांवरील चिठ्ठीवर गाढवाचे चित्र असते. द्राक्षाला भाव मिळत होता म्हणून बोगद्याचा खर्च परवडला. आणि भाव मिळत होता तो उताराच्या नावाला, टनांना नव्हे.

यावरून "आपलीही बरड जमीन अशीच सोन्याची ठरेल" असा निष्कर्ष लगेच काढू नये. दगडाबरोबर तेथे समुद्राचा वारा, हिवाळ्यात पडणारा पाऊस, कोरडा उन्हाळा आणि बागा राखणाऱ्या कितीतरी पिढ्याही आहेत. हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत वेल मर्यादेत वाढते आणि मणी लहान राहतो, एवढाच धडा तेथून घेता येतो. आपल्या राज्यात तो कोठे लागू पडला ते आता पाहू.

नाशिकमध्ये काय घडले

महाराष्ट्रात आधुनिक वाईन उद्योगाची सुरुवात पुणे जिल्ह्यात नारायणगाव येथे १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी केली. नाशिकला त्या आधीपासूनच द्राक्षाचे नाव होते, परंतु ते खाण्याच्या द्राक्षाचे. राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीवर १९९० च्या दशकात वाईनच्या जाती लावल्या आणि २००० साली त्यांची वाईन बाजारात आली. २००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले. वाईनकडे केवळ मद्य म्हणून न पाहता फळप्रक्रिया म्हणून पाहावे, हा त्यामागील विचार. उत्पादन शुल्कात सवलत मिळाली, परवाने सुलभ झाले. निफाड तालुक्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाईन पार्क उभे राहिले. पुण्याजवळ मांजरी येथे १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र कार्यरत होतेच. त्याचाही या पिकाला आधार मिळाला.

नाशिकला निसर्गाची साथ आहे. समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे ६०० मीटर, डोंगरांच्या पायथ्याची मुरमाड जमीन, धरणांचे पाणी आणि हिवाळ्यात थंड रात्री. सालीत रंग भरण्याच्या काळात दिवसा ऊन आणि रात्री गारवा असला तर रंग चांगला येतो, आम्लही टिकून राहते. युरोपात वेल हिवाळ्यात झोपी जाते आणि द्राक्षे साधारण सप्टेंबरात काढतात. आपल्याकडे ती कधीच पूर्ण झोपत नाही, म्हणून दोन छाटण्या कराव्या लागतात : एप्रिलमध्ये खरड छाटणी, तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. त्यामुळे काढणी जानेवारी ते मार्चमध्ये, थंडी सरता सरता होते. रेड वाईनसाठी कॅबर्ने सोव्हिन्यों, शिराझ, मर्लो, टेंप्रानिलो, झिनफँडेल या जाती लावल्या गेल्या. पैकी झिनफँडेलचा घड फार घट्ट आणि साल पातळ असल्याने अवकाळी पावसात तो आतून सडतो. पुढे "नाशिक व्हॅली वाईन" या नावाला भौगोलिक मानांकनही मिळाले.

एवढे वाचून कोणालाही वाटेल की सर्व काही ठीक झाले. पण मधली काही वर्षे वाईट होती, आणि आपल्या शेतकऱ्याने नेमकी तीच नीट समजून घ्यावीत.

धोरण आल्यानंतर पाच-सात वर्षांत कारखाने झपाट्याने वाढले. कारखाने आले म्हणून शेतकऱ्यांनी वाईनच्या जाती लावल्या आणि जाती लागल्या म्हणून आणखी कारखाने निघाले. २००८ मध्ये जगभर मंदी आली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला आणि जेथे वाईन सर्वाधिक खपते ती हॉटेले व पर्यटन यांना फटका बसला. टाक्यांमध्ये जुनी वाईन शिल्लक आणि बागेत नवी द्राक्षे तयार, अशी स्थिती झाली. काही कारखान्यांनी खरेदी कमी केली, काहींनी भाव पाडले, काही बंद पडले. थॉमसनची द्राक्षे निर्यातीला गेली नाहीत तर देशी बाजारात जातात, तेथेही पडली तर तासगावकडे त्यांचा बेदाणा होतो. वाईनच्या द्राक्षाला असा दुसरा दरवाजाच नाही. बियांचा, जाड सालीचा, बोराएवढाही नसलेला मणी फळबाजारात कोण घेणार? २००९ आणि २०१० च्या सुमारास नाशिक भागातील अनेक शेतकऱ्यांनी या बागा उपटून टाकल्या किंवा त्याच खुंटांवर खाण्याच्या जातींची कलमे केली. अनुभवी बागाइतदार, कारखाना दाराशी, तरीही ही वेळ आली.

पुढे उद्योग सावरला. तरी मागणी ही शासनाच्या धोरणावर आणि लोकमतावर किती अवलंबून आहे ते जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा दिसले. मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला. त्यावर राज्यभर वाद झाला आणि प्रकरण रेंगाळले. वाईन प्यावी की नाही हा वेगळा प्रश्न. पण ज्या पिकाची विक्री अशा निर्णयांनी वर-खाली होते, त्यात आपण एकरी किती पैसा गुंतवायचा याचा विचार शेतकऱ्याने करायलाच हवा.

वऱ्हाडात अडचण कोठे येते

पहिली अडचण जमिनीची. पूर्णेच्या खोऱ्यातील खोल काळी जमीन कपाशी, तूर, ज्वारी, हरभरा यांना उत्तम. चिकणमातीचे प्रमाण अधिक असल्यामुळे ती पाणी धरते, उन्हाळ्यात भेगाळते. वाईनच्या वेलीला अशा जमिनीत सुख जास्त होते. फांद्या भरमसाट वाढतात, दाटी होते, केवडा आणि भुरी पसरतात, मणी फुगतो, रंग फिका राहतो. शिवाय आपल्या काळ्या जमिनीत पालाश भरपूर असते. ते मण्यात जास्त गेले की रसाचा सामू वाढतो. जास्त सामूची वाईन चवीला सपक लागते, रंग टिकत नाही आणि लवकर बिघडते. अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतील खारपाणपट्ट्यात तर जमीन चोपण आणि विहिरीचे पाणीही खारे. तेथे द्राक्षाचा विचारच करू नये. डॉगरिज किंवा ११० आर या खुंटांवर कलम केले की क्षार सोसतात, असे रोपवाटिकावाले सांगतात. ते काही अंशी खरे आहे. खुंट थोडे क्षार सोसतो, पण चिकण जमिनीचा निचरा तो सुधारत नाही.

दुसरी अडचण उष्णतेची. अकोला समुद्रसपाटीपासून सुमारे २८० मीटर, अमरावती सुमारे ३४० मीटर. म्हणजे नाशिकच्या मानाने आपण बरेच खाली. डिसेंबर-जानेवारीतील रात्री आपल्याकडेही थंड असतात, पण फेब्रुवारी संपता संपता ऊन तापू लागते. त्या वेळी घड वेलीवरच असतील तर साखर झटपट चढते, मात्र आम्ल जळते आणि रंग मागे राहतो. लवकर काढणी व्हावी म्हणून फळछाटणी सप्टेंबरच्या सुरुवातीला करावी, तर परतीच्या पावसात कोवळ्या फुटीवर केवडा येतो. उशिरा करावी तर फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीची धास्ती. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भात गारपिटीने काय केले ते कोणी विसरलेले नाही.

तिसरी अडचण मे महिन्याची, आणि माझ्या मते हीच सर्वांत मोठी. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर निघणाऱ्या काड्यांमध्ये पुढच्या हंगामाचे घड सूक्ष्म रूपात तयार होतात. हे काम छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत होते, म्हणजे मे आणि जूनच्या सुरुवातीला. त्या वेळी अकोल्याचे तापमान ४५ अंशांपर्यंत जाते आणि विहिरी तळाला लागलेल्या असतात. संत्र्याला मे महिन्यात पाणी कमी पडले तर आंबिया बहाराची फळगळ होते, नुकसान डोळ्यांना दिसते. द्राक्षाला त्या वेळी पाणी कमी पडले तर लगेच काहीच दिसत नाही. ऑक्टोबरमध्ये छाटणी करावी, औषधे फवारावीत, मजुरी द्यावी आणि मग कळावे की काड्यांवर घडच नाहीत. ज्या विहिरीने संत्र्याची बाग जगवली नाही, ती द्राक्षाची बाग जगवील हे गृहीत धरू नये.

मग कोणासाठी हे पीक विचारात घेण्याजोगे आहे? सातपुड्याच्या पायथ्याला अकोट, तेल्हारा, अचलपूर या बाजूला काही ठिकाणी हलकी, मुरमाड, उताराची जमीन आहे. वरूड-मोर्शीकडेही डोंगराच्या कडेने बरड पट्टे आहेत. अशा जमिनीत, उन्हाळ्यात पुरणारे गोडे पाणी असेल, तर प्रयोग म्हणून थोड्या क्षेत्रावर लागवड करता येईल. थोडे म्हणजे दहा-वीस गुंठे. चिखलदऱ्याची उंची पाहून तेथे द्राक्षाचा विचार मनात येतो, परंतु तेथील पावसाळा द्राक्षासाठी फार जड आहे. तेथे कॉफी आणि अलीकडे स्ट्रॉबेरी होते, तीच बरी.

खरेदीदार आधी, बाग नंतर

लागवडीपासून पहिले पीक हाती यायला सुमारे दोन वर्षे लागतात : आधी खुंट लावायचे, पावसाळ्याच्या अखेरीस कलम करायचे, मग ओलांडा तयार करायचा. लोखंडी अँगल, तारा, ठिबक, कलमे हा सगळा खर्च उत्पन्न सुरू होण्याआधीचा. पुढे बाग पंधरा-वीस वर्षे टिकते. म्हणून कारखान्याशी एका हंगामाचा तोंडी करार करून बाग लावणे म्हणजे बागाइतदाराने सगळी जोखीम एकट्याने उचलणे होय.

करार लेखी आणि अनेक वर्षांचा असावा. जात कोणती, एकरी किती टनांपर्यंत माल घेतला जाईल, किती ब्रिक्सला काय भाव आणि ब्रिक्स कोणासमोर मोजायचा, हे त्यात स्पष्ट असावे. काढणीचा दिवस कारखाना ठरवतो. मग कारखान्याने "अजून आठ दिवस थांबा" म्हटले आणि त्या आठ दिवसांत गार पडली तर नुकसान कोणाचे? हे वाक्य करारात नसेल तर ते शेतकऱ्याचे असते. वाहतुकीचा खर्च, वजनकाटा कोणाचा, पैसे किती दिवसांत, कारखाना बंद पडला तर काय, हेही लिहून घ्यावे. करारावर सही करण्यापूर्वी त्या कारखान्याला माल देणाऱ्या दोन-तीन शेतकऱ्यांना जाऊन भेटावे आणि मागील तीन हंगामांचे पैसे केव्हा मिळाले एवढेच विचारावे.

अंतराचाही हिशेब करावा. अकोल्याहून नाशिक चारशे किलोमीटरच्या आसपास. २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग मुंबईपर्यंत पूर्ण खुला झाल्याने प्रवास सोपा झाला आहे, हे खरे. तरी वाईनची द्राक्षे पहाटेच्या गारव्यात काढून काही तासांत चिरडायची असतात. उन्हात ट्रकमध्ये दबलेला मणी वाटेतच आंबायला लागतो. शीतवाहनाचे भाडे एकरी चार टनांवर बसवून पाहिले म्हणजे पुढचे गणित आपोआप कळते. आणि वऱ्हाडात पिकलेल्या द्राक्षाला "नाशिक व्हॅली" हे नाव लागणार नाही. आपल्या भागाला मिळालेले मानांकन आहे ते नागपुरी संत्र्याचे, २०१४ चे. ज्या संत्रा बागाइतदाराची बाग अजून उभी आहे आणि सांभाळण्यासारखी आहे, त्याने ती काढून द्राक्षाकडे वळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बाग गेलेलीच आहे, जमीन बरड आहे आणि लेखी करार देणारा खरेदीदार भेटला आहे, अशा शेतकऱ्याने उन्हाळ्यात वावरात तीन-चार ठिकाणी मीटरभर खोल खड्डे घ्यावेत. वरचा, मधला आणि खालचा असे थरांचे वेगवेगळे नमुने कृषी विद्यापीठाच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या प्रयोगशाळेत द्यावेत. सामू, विद्युतवाहकता आणि मुक्त चुना तपासून घ्यावा. विहिरीच्या पाण्याचा नमुना मे महिन्यातला द्यावा, कारण पाणी खाली गेले की क्षार वाढतात. खड्डे बुजवू नयेत, गुरे पडू नयेत म्हणून भोवती काटेरी कुंपण करावे. जुलैमध्ये मोठा पाऊस पडून गेल्यावर जाऊन पाहावे. दुसऱ्या दिवशीही खड्ड्यात पाणी उभे असेल तर त्या जागी द्राक्षे लावू नयेत.